अर्धेकाकांचं पुढचं वाक्य

सभागृहातले माईक-पडदे सांभाळणाऱ्या काकांना तिथली माणसं अर्धेकाका म्हणत. हे काही आडनाव नव्हे. हा माणूस वाक्य सुरू करायचा आणि मध्येच सोडून द्यायचा, म्हणून अर्धे. "तो माईक जरा..." एवढंच म्हणायचे, पुढचं तुम्ही ओळखा. घरी ओळखायचं काम बायकोकडे होतं. "भाजीत मीठ..." म्हटलं की ती म्हणे, "कमी आहे, कळलं." पाहुण्यांशी, लेकीशी, अगदी डॉक्टरांशीसुद्धा यांचं वाक्य तीच पुरं करायची. ती गेली आणि वाक्यं जिथल्या तिथे लोंबकळत राहिली.

मागच्या आठवड्यात लेक नवऱ्याचं घर सोडून आली, कायमची. बॅग घेऊन दारात उभी. तिचा उतरलेला चेहरा बघून काकांच्या काळजात चर्र झालं. "किती दिवस..." एवढंच तोंडातून निघालं.

लेकीने मान खाली घातली. "थोडेच दिवस, बाबा. खोली बघतेय मी."

आता काय म्हणावं या माणसाला! बोलणाऱ्याचे कुळीथही विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. विचारायचं होतं भलतंच, पण हे बसले मूग गिळून. लेकीला खोली मिळालीसुद्धा. आज दुपारी ती जाणार होती.

आणि नेमकं आजच सभागृहात बटणांचं नवं पॅनेल बसवायचं होतं. मंचामागच्या कपाटात एक स्विचर आहे. कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र कुठल्या पडद्यावर, कुठल्या माईकचा आवाज कुठल्या स्पीकरवर, ते त्याच्या हातात. पॅनेलवरचं बटण दाबलं की सिरियल केबलमधून त्याला आज्ञा जाते. फक्त दोन्हीकडची सेटिंग्ज जुळायला हवीत. काकांनी आज्ञा पाठवायचा वेग जुळवला, बाकीचे आकडे जुळवले, केबल तपासली. बटण दाबलं. स्विचरवरचा दिवा लुकलुकला, म्हणजे आज्ञा पोचत होती. पडदा मात्र ढिम्म.

"मशीन बिघडलंय का हो काका?" व्यवस्थापक बाई धास्तावल्या. "आत्ता लोक येतील सभेला."

"नाही हो, ते..."

त्यांनी लॅपटॉप जोडला आणि केबलमधून जाणारी अक्षरं वाचली. आज्ञा बरोबर होती. पण तिच्या शेवटी 'संपलं' असं सांगणारी खूण नव्हती. जुनं पॅनेल ती आपणहून जोडायचं, नव्याला तसं सांगावं लागत होतं. आणि स्विचर बिचारा, अजून पुढचं येईल म्हणून कान देऊन बसला होता.

काकांनी सेटिंगमध्ये ती खूण घातली. बटण दाबताच पडदाभर चित्र आलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या, पण काकांचे डोळे भरून आले होते. जुनं पॅनेल आपणहून जोडायचं, हेच डोक्यात घुमत होतं.

"बाई, बटणं आता तुम्हीच दाबा. माझी लेक निघालीय, मला घरी जायचंय."

काकांच्या तोंडून एवढं सलग ऐकून बाई इतक्या चकित झाल्या, की नाही म्हणायचं विसरूनच गेल्या.

घरी लेक चपला घालत होती. बॅग दाराशी होती.

"त्या दिवशी मी किती दिवस म्हणालो ना, ते..."

"राहू द्या, बाबा. कळलं मला."

"नाही कळलं. थांब." काकांनी दाराची चौकट घट्ट धरली. "किती दिवस सोसलंस गं एकटीने, असं विचारायचं होतं मला."

लेक बघतच राहिली. "मग तेव्हाच का नाही विचारलंत?"

"पुढचं तुझी आई बोलायची."

लेक मटकन बॅगेवर बसली. बराच वेळ रडली. मग नाक पुसत म्हणाली, "मीही सगळं तिलाच सांगायचे. ती गेल्यावर कुणाला सांगणार?"

काका गुडघे सांभाळत तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

"मला सांग," ते म्हणाले.