माझ्या बॅनरचे पेढे

अकरावीत इटालियनचा क्लास लावला आणि पहिल्या महिन्यात वीसपर्यंतचे आकडे शिकले. ते घरी लगेच उपयोगी पडले. पप्पा स्वयंपाकघरात मम्मीला मारायचे आणि मी दारामागे उभी राहून मनात मोजायचे: उनो, दुए, त्रे. सहसा सात-आठला थांबायचे ते. मग टीव्ही लागायचा.

क्लासचं फक्त मम्मीला माहीत होतं. पप्पांना आम्ही फिजिक्सचे जादा तास म्हणून सांगितलं होतं. कामोठ्यात एका मेडिकलच्या वर खोली होती, आम्ही सहा जणी होतो. मॅडम नवऱ्याच्या नोकरीमुळे बरीच वर्षं इटलीत राहिलेल्या. भाषा आली तर बारावीनंतर तिकडे शिकायला जाता येतं, हे त्यांनीच सांगितलं. मला इटली बघायची नव्हती. रोडपालीच्या आमच्या घरातून बाहेर पडायचं होतं.

बारावीच्या सुरुवातीला मॅडमनी आमच्याकडचे सगळे क्लास करतात तेच केलं. सिग्नलजवळ बॅनर लावला. चाचणीत पहिली आले म्हणून फॉर्मवरचा माझा फोटो, खाली पूर्ण नाव, म्हणजे मधे पप्पांचंही. हार्दिक अभिनंदन. विचारायचं असतं हे त्यांच्या मनातही आलं नसेल.

पप्पा जमिनीचे व्यवहार करतात. त्या सकाळी चहाच्या टपरीवर मित्रांनी त्यांना घेरलं.

"काय शेठ, पोरगी इटलीला चालली नं आमाला पत्ता नाय! पेढे कुठं हायेत?"

पप्पा हसले म्हणे. पेढे मागवून सगळ्या टपरीला वाटले.

संध्याकाळी उरलेला बॉक्स त्यांनी टेबलावर ठेवला. "तोंड गोड कर," म्हणाले. मी पेढा तोंडात घातला आणि त्यांनी पट्टा काढला.

"माज्या पोरीचं मला लोकांकडनं कळतं?"

"अहो, मीच पाठवलं तिला," म्हणत मम्मी मधे आली. त्यांनी तिला फ्रिजवर ढकललं. तिच्या भुवईतून रक्त गळायला लागलं. मी मोजत होते. वीस झाले. पुढचे आकडे मला आठवेनात. शेवटी त्यांनी माझा उजवा हात चौकटीत धरला आणि दार ओढलं. मनगटाचा आवाज मी ऐकला. पेढा अजून तोंडात होता.

क्लास संपला, असं मी धरून चालले होते. पण पेढे वाटून झाले होते. रोज कुणीतरी विचारायचं, "शेठ, पोरीचं इटालियन कुठवर आलं?" बंद केलं म्हणायची त्यांना सोय नव्हती. आठवड्याने तेच मला स्कूटरवरून क्लासला घेऊन गेले.

"जिन्यावरनं पडली," प्लास्टर दाखवत मॅडमना म्हणाले. "लक्ष नसतं तिचं."

मी डाव्या हाताने वही उघडली.

पहिल्या पातळीच्या तोंडी परीक्षेत वडिलांबद्दल विचारलं. 'माझे वडील प्रेमळ आहेत' हे वाक्य मॅडमनी आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं. मी म्हटलं, मिओ पाद्रे, माझे वडील, उंच आहेत. त्यांचे हात मोठे आहेत. ते मला क्लासला सोडतात. परीक्षक बाई हसून मान डोलावत होत्या.

बाहेर पप्पा स्कूटर चालू ठेवून थांबले होते.

"काय विचारलं?"

"तुमच्याबद्दल."

"नं तू?"

"क्लासला सोडता, म्हणून सांगितलं."

त्यांनी तिथूनच मित्राला फोन लावला. "पोरीनं माजं नाव सांगितलं परीक्षेत," ते मोठ्याने म्हणाले. मी मागे बसले आणि त्यांच्या खांद्याऐवजी मागची दांडी धरली.