वाईटपणा घेणारी ताई

किडनीच्या विभागात डॉक्टर तीन, पण पेशंट विचारायचे समन्वयक ताईंनाच. कुणाचं डायलिसिस कधी, कुणाचे रिपोर्ट अडकलेत, कुणाची गाडी आली नाही, सगळं त्यांच्या डोक्यात. जीभ मात्र तिखट. "दोन दिवसांत अंगात तीन किलो पाणी? माणूस आहात की हौद?" असं झाडायच्या आणि वर स्वतःच वेळ बदलून द्यायच्या.

किडनी देणाऱ्याला ताई एकट्यालाच आत घ्यायच्या, दार लावून. नवरा नको, आई तर नकोच नको.

त्या दिवशी आत होती मास्तरांची धाकटी बहीण. मास्तर वर्षभर डायलिसिसवर. बहिणीच्या तपासण्या जुळल्या आणि घरात आनंदीआनंद झाला. ताईंनी विचारलं, "तुला द्यायची आहे का?"

"हो. आई म्हणाली ना."

"आईला नाही विचारलं मी."

झालं, पोरीचा बांधच फुटला. पदरात दीड वर्षाचं लेकरू, ऑपरेशनची धास्ती, आणि नाही म्हणायची सोय नाही. "दादाला काही झालं तर मला कोण माफ करेल हो?"

ताईंना हे सोपं गेलं असं समजू नका. मास्तर त्यांचे लाडके पेशंट, आणि दुसरी किडनी कधी मिळेल देव जाणे. तरी त्या डॉक्टरांशी बोलल्या आणि बाहेर येऊन आईला म्हणाल्या, "हिची किडनी घेता येणार नाही. का, ते आम्ही कुणालाच सांगत नाही."

आईनं आकाशपाताळ एक केलं. "स्वतःच्या घरात आजारपण असतं म्हणजे कळलं असतं!" एरवी एकाला दोन ऐकवणाऱ्या ताईंनी सगळं ऐकून घेतलं. वाईटपणा घ्यायचाच तर पुरता घ्यावा, अर्धामुर्धा काही कामाचा नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर खुर्चीत, हाताला नळ्या लावलेल्या. ताई नजर चुकवत वजन लिहीत होत्या.

"घाबरली होती ना ती?"

"ते मी सांगू शकत नाही."

"नका सांगू. लहानपणी सुई दिसली की माझ्यामागे लपायची." मास्तरांनी हाताच्या नळ्यांकडे पाहिलं. "मीच नको म्हणायला हवं होतं, ताई. मला माहीत होतं सगळं. पण जगायचंय हो मला."

"किडनीच्या प्रतीक्षायादीत नाव घातलंय तुमचं."

"नंबर किती लांब?"

ताईंनी खरं काय ते सांगितलं. मग स्टूल ओढून त्या शेजारी बसल्या आणि मास्तरांना मनसोक्त रडू दिलं.