पडद्यावर भट्टी बंद होती

बायांनो, कुकर लावून लिहायला बसले. शाळा माझी दुसरीपर्यंतच, चुकलं तर सांभाळून घ्या.

आज सकाळी महाळुंग्याच्या कारखान्यात लातूरच्या एका पोराचा उजवा हात भाजला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर भट्टी बंद दिसली, म्हणून त्यानं हात घातला. भट्टी पेटलेली होती.

माझी नात तिथलेच कॉम्प्युटर बघते. भट्टीची माहिती सगळे कॉम्प्युटर आपसात वाटून ठेवतात म्हणे. लाइट गेली तरी ऱ्हावी म्हणून प्रत्येकाच्या डिस्कवरपण असते. भट्टी पेटायच्या आधीच एक कॉम्प्युटर बंद पडला. भट्टी पेटल्यावर तो परत चालू झाला, तवा त्यानं डिस्कवरचं जुनंच दाखवलं.

मी म्हटलं, "अगं, गावाहून आलेलं माणूससुद्धा आधी विचारतं, मागं काय काय झालं."

"बाकीच्या कॉम्प्युटरना विचारायचं मीच काढून टाकलं होतं, आजी. लवकर चालू व्हावा म्हणून."

"मग आता?"

"साहेब म्हणाले, पोराचा हलगर्जीपणा लिही. मी माझी चूक लिहिली."

नोकरी ऱ्हाती का, ठाऊक न्हाई. पोरगी जेवली न्हाई अजून. माझा मात्र ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू.

उद्या आमी दोघी दवाखान्यात त्या पोराच्या आईकडं जाणार हाय. तिच्यापुढं बसून काय बोलायचं, सांगा कुणीतरी.