गौरीच्या गोळ्या

मी शांत बाई नाही, हे आधीच सांगते. पण महिन्यातले चार दिवस मी धोकादायक असायचे. पाळीच्या आधी डाव्या कानासमोर, जिथे जबड्याचा सांधा असतो तिथे, ठणका सुरू व्हायचा आणि कानशिलातून मानेपर्यंत उतरायचा. घास चावला की आत कट् कट् वाजायचं. त्या दिवसांत मी चारकोपच्या आमच्या घरात कुकरचं झाकण भिंतीवर फेकलंय, नवऱ्याच्या हातातला रिमोट हिसकावून फरशीवर आपटलाय आणि स्टेशनला यायला नाही म्हणणाऱ्या रिक्षावाल्याची कॉलरही धरलीय. मागाहून लाज वाटायची. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

दातांच्या डॉक्टरने आधी अक्कलदाढ काढली, मग तिच्या शेजारची चांगली दाढ काढली. दुखणं जागच्या जागी. सासूबाई म्हणाल्या, "बोलणं कमी कर, जबडा आपोआप बरा होईल." हे त्यांनी ठणक्याच्या दिवशी म्हटलं नाही, हे त्यांचं नशीब.

शेवटी बोरिवलीच्या एका डॉक्टरबाईंनी मला वही ठेवायला लावली. रोज दुखण्याला दहापैकी एक आकडा द्यायचा, शेजारी पाळीची तारीख. काही महिन्यांनी वही चाळत त्या म्हणाल्या, "बायकांची हार्मोन्स या सांध्यापर्यंत पोचतात. इस्ट्रोजेन एकदम उतरलं की काहींची सूज आणि दुखणं भडकतं. सगळ्यांचं नाही. तुमचं भडकतं." मग एका पानावर बोट ठेवून विचारलं, "सप्टेंबरात काय केलंत? सलग आठ दिवस दहापैकी दहा?"

सप्टेंबरात गौरी होत्या. आमच्याकडे गौरीत घरातल्या बाईला अडचण आलेली चालत नाही. म्हणून कॅलेंडरवर तारीख बघून सासूबाई पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणतात. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या बायका त्या घेतात, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मीही वीस वर्षं घेतल्या. पुरण वाटलं, सोळा भाज्या केल्या, हळदीकुंकू केलं. विसर्जनानंतर गोळ्या थांबवल्या की दोन-तीन दिवसांत जबडा असा आवळायचा की चमचा आत जायचा नाही. मला वाटायचं, दगदग झाली.

"गोळी थांबते, हार्मोन्स कोसळतात आणि मार तुमच्या सांध्याला बसतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "यापुढे नको."

पुढच्या वर्षी मी घरात स्पष्ट सांगितलं, मी घेणार नाही. अडचण आली तर आली. सासूबाईंनी दोन दिवस भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बरं. नैवेद्याचं नात बघेल." मला वाटलं, म्हातारी नमली.

माझी मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची. उन्हाळ्यात तिने जांभई दिली तेव्हा मला तो कट् आवाज आला होता. तेव्हापासून ती जेवायला बसली की मी चोरून तिच्या गालाकडे बघायचे. माझं दुखणं तिच्या वाट्याला येऊ नये, एवढंच मला हवं होतं. पण तिच्याशी मी हे कधी बोलले नाही. उगाच पोरीला कशाला घाबरवा, म्हणून.

गौरी यायच्या चार दिवस आधी, सकाळी, मी स्वयंपाकघरात आले. माझी पाळी जवळ आलेली, जबडा जेमतेम एक बोट उघडत होता. सासूबाई नातीच्या तळहातावर गोळी ठेवत होत्या.

"कशाची गं आजी?"

"घे गं. गौरीसाठी एवढं करायचं असतं. तुझी आईपण घ्यायची."

मला 'थांब' म्हणायचं होतं. तोंडातून नुसता घोगरा आवाज निघाला. मुलीने दचकून गोळी तोंडात टाकली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मी सासूबाईंना ढकललं, त्या ओट्यावर आदळल्या, पुरणाच्या डाळीचा डबा खाली सांडला. मी मुलीचे केस धरले. तिने दात मिटले. मी तिच्या गालात बोटं रुतवली, दाढांच्या मधे अंगठा घातला आणि जोर लावला. ती चावली. माझ्या अंगठ्यातून रक्त तिच्या हनुवटीवर उतरलं, तरी मी थांबले नाही. मग तिच्या कानाखाली खट्ट झालं आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. गोळी माझ्या बोटाला चिकटून बाहेर आली होती. एका गोळीने तिला काहीही झालं नसतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्याच डॉक्टरबाईंनी जबडा बसवला. बसवताना मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने माझा हात धरला नाही. मग त्यांनी विचारलं, "कशाने झालं?"

"पडली," नवरा म्हणाला.

"मी केलं," मी म्हणाले. तेवढ्यापुरता माझा जबडा उघडला.

दुसऱ्या दिवशी डोक्याभोवती पट्टी बांधलेली माझी मुलगी आजीसमोर जाऊन उभी राहिली. बोलणं तिला मना होतं. तिने पाटीवर लिहिलं, 'आजी, गोळी दे.' सासूबाई घाबरून म्हणाल्या, "राहू दे गं बाळा, यंदा नको." तिने ते शब्द पुसले नाहीत, त्यांच्याखाली जोरात रेघ ओढली. शेवटी सासूबाईंनी पाकीट पुढे केलं. पोरीने गोळी काढली, जेमतेम उघडणाऱ्या ओठांतून आत सारली, वर दुधाचा घोट घेतला. गिळेपर्यंत ती माझ्याकडेच बघत होती. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले.