पवनचक्कीवर नेलेली भाजणी

आमच्या शिकागोच्या मंडळींना सहलीची हौस दांडगी, पण बघायचं काय ते ठरता ठरत नाही. २००५च्या उन्हाळ्यात मात्र कुणीतरी तासाभरावरची एक जुनी पवनचक्की आणि तिच्याशेजारी डागडुजी करून जपलेलं बागेतलं घर शोधून काढलं. सात गाड्या, रस्त्याचे प्रिंटआउट, पातेलंभर पुलाव असा लवाजमा एका रविवारी निघाला. माझ्या बाळंतपणासाठी आलेली आई लगेचच्या गुरुवारी पुण्याला परत जायची होती. तिच्या मांडीवर एक जड कापडी पिशवी होती.

"काय आहे गं त्यात?"

"भाजणी. रात्रीच भाजलीय. मिक्सरवर रवाळ होते मेली. चक्की चालू असते म्हणालीस ना? तुला वर्षभराचं पीठ करून ठेवते आणि जाते."

मी कपाळाला हात लावला. अगं, ते म्युझियम आहे, गिरणी नव्हे! पण आईपुढे कुणाचं चाललंय?

चक्की खरोखरच चालू होती. लाकडी जिना चढून वर गेलो तर पायाखालची फळी थरथरत होती. माणसाच्या उंचीची लाकडी दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरत होती आणि खाली दगडातून पिवळं पीठ पडत होतं. माहिती सांगायला एक म्हातारे स्वयंसेवक होते. आईने पीठ चिमटीत धरून चोळलं.

"विचार त्यांना, दगडाला टाकी कधी लावली?"

दगड गुळगुळीत झाले की छिन्नीने पुन्हा खरबरीत करतात, ती टाकी. मी हातवारे करून विचारलं. म्हातारबुवा असे खूश झाले! कपाटातून छिन्न्याच काढून आईच्या हातात दिल्या. मग दोन दगडांत फट किती ठेवता, वारा पडला तर काय करता, एक ना दोन. मी जन्मभर आयतं पीठ खाल्लेली बाई. मलाही ऐकावंसं वाटायला लागलं.

"आता विचार, आधी काय दळलंय?"

"मका," ते म्हणाले.

"मग चालतंय. विचार, एवढं दळून देतील का."

मागे मंडळातले दोघे-तिघे हसू दाबत उभे होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारबुवांनी पिशवीकडे बोट दाखवून काय आहे विचारलं. मी म्हटलं, जेवण. आणि आईला सांगितलं, "नाही म्हणतात. नियम आहे."

"बरं," आई म्हणाली.

शेजारच्या घरात जुनी चूल होती, तांब्याची भांडी होती. आईने एकही प्रश्न विचारला नाही. हिरवळीवर पुलाव वाढताना तिने हळूच म्हटलं, "तू विचारलंच नाहीस ना?"

"अगं आई..."

"मला इंग्रजी येत नाही, पण 'नो' कळतं. तो बिचारा एकदाही 'नो' म्हणाला नाही."

बाळाला तिच्याकडे दिलं, पिशवी उचलली आणि धावत सुटले. पाती थांबली होती. म्हातारबुवा दाराला कुलूप लावत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी पिशवीत हात घालून मूठभर भाजणी हुंगली.

"अहो, मघाशीच का नाही बोललात? दगड फिरतच होते. आता पुढच्या रविवारी या."

पुढच्या रविवारी आई पुण्यात असणार होती. आता तिला खरा नकार मलाच जाऊन सांगायचा होता.