आखाड्यातली जखम

नोकरीतल्या बहुतेक गुन्ह्यांची आता डोक्यात सरमिसळ होते. कुठल्या ठाण्यातला कुठला आरोपी, ते चटकन सांगता येत नाही. पण त्या आखाड्यातला प्रसंग मात्र मला आजही जसाच्या तसा आठवतो.

एकाहत्तरच्या लढाईनंतरची ती वर्षे. मी वाळवा तालुक्यात कृष्णाकाठच्या एका ठाण्यात फौजदार होतो. आमच्या हद्दीतल्या एका गावात पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले एक गृहस्थ राहत. उंच, ताठ, बोलणं मोजकं. मर्दानी खेळांचा त्यांना मनापासून नाद. पट्टा, लाठी, बोथाटी हे खेळ मिरवणुकीतले नुसते देखावे झाले, याचं त्यांना फार वाईट वाटे. जुन्या काळी दोन गडी समोरासमोर उभे राहून कस लावत, तसे सामने व्हावेत, अंगावर जाड बाराबंदी, डोक्याला मुंडासं, हातात ढाल-तलवार आणि निकाल द्यायला पंच, असं त्यांच्या मनात होतं.

परवानगीसाठी ते ठाण्यात आले तेव्हा सगळे नियम त्यांना तोंडपाठ होते. तलवारी बोथट, टोकं घासून गोल केलेली. मान आणि तोंड यांवर वार नाही. पडलेल्या गड्यावर वार नाही. मी अर्ज वर पाठवला, परवानगी आली. सातारा-सांगलीकडच्या तालमींतून गडी यायचे होते. कुंडलपासून मिरजेपर्यंत बोलबाला झाला.

सामन्यांच्या आदल्या दिवशी आमच्या जमादारांना एका खबऱ्याने गाठलं. त्याने सांगितलं, की यजमान गावचा एक गडी आणि नदीपलीकडचा एक गडी यांच्या घरांत पाण्याच्या पाइपलाइनीवरून जुनं वैर आहे. पलीकडच्या घराची थोडी जमीन नदीच्या अलीकडे होती, तिची पाइपलाइन अलीकडच्यांच्या शेतातून जायची होती आणि यांनी ती अडवली होती. दोन्हीकडचे लोक उघड म्हणत होते, की फिर्याद कशाला, आखाड्यात बघून घेऊ. खबर मिळाल्यावर मी दुसऱ्या दिवशी प्रत्येक तलवार स्वतः हातात घेऊन पाहिली, पात्यावरून अंगठा फिरवला. भाजीसुद्धा चिरली नसती अशी पाती होती.

शेवटचा सामना नेमका त्याच दोघांत आला. हलगी वाजत होती, माणूस माणसाला चिकटून उभा होता. दोघेही तेवीस-चोवीस वर्षांचे, दोघेही चपळ. अलीकडच्या गड्याने वरून जोरात वार केला. पलीकडच्याने तो ढालीवर घेतला, त्याचा पाय घसरला आणि तो एका गुडघ्यावर खाली आला. मग आडवा झाला. लोकांना वाटलं, दमला. तेवढ्यात त्याच्या मांडीखालची माती काळी पडू लागली.

नंतरचा गोंधळ सांगून कळणार नाही. एका ट्रकमध्ये घालून आम्ही जखमीला मिरजेला पाठवलं. नदीपलीकडचे लोक काठ्या घेऊन चालून आले. अलीकडच्या गड्याला मी जीपमध्ये बसवला, तो अटकेसाठी जितका, तितकाच त्याचा जीव वाचवायला. जखमीच्या चुलत्याची फिर्याद आली, गुन्हा दाखल झाला, कलम तीनशे सात, खुनाचा प्रयत्न. इस्लामपूरच्या कोर्टातून कोठडी मिळाली. दोन्ही गावांत बंदोबस्त बसवला. जखमीचं काय होईल ते डॉक्टर सांगत नव्हते. तो गेला असता तर तीनशे दोन लागलं असतं.

चौकशीत मला फार कष्ट पडले नाहीत. मी समोर बसलो आणि कोठडीतल्या गड्याने खाली बघत सांगून टाकलं.

"मीच मारलं त्याला, साहेब. मला मॅजिस्ट्रेटसाहेबांम्होरं न्या. तितं बी हेच सांगतो."

आमच्यासमोर दिलेल्या कबुलीला कोर्टात किंमत नसते. मॅजिस्ट्रेटसमोर दिलेली कबुली मात्र गळ्याला फास ठरू शकते, आणि हा तर स्वतःहून निघाला होता. जमादार खूश झाले. वरिष्ठांचा ट्रंक कॉल आला, की आरोपी कबूल आहे तर लांबवू नका, गावं शांत होऊ द्या. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

पण मी त्याला विचारलं, कुठल्या तलवारीने मारलंस? तो म्हणाला, याच. जप्त केलेली तलवार मी टेबलावर ठेवली होती. तिच्यावर रक्ताचा डाग नव्हता. आरोपीची जाड बाराबंदी घडी करून मी खुर्चीवर ठेवली आणि त्या तलवारीने अंगातली सगळी ताकद लावून वार केला. कापडाला वळ उठला, टाका उसवला नाही. तो हे पाहत होता, तरी म्हणणं सोडत नव्हता. त्याची मिलिटरी भरतीत निवड झालेली होती. चारित्र्याची पडताळणी आमच्याच ठाण्याकडे येणार होती. हे त्याला ठाऊक होतं, आणि तरीही तो कबुली देत होता.

मी त्याला मॅजिस्ट्रेटकडे नेलं नाही. मिरजेला गेलो.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, की जखम अरुंद आहे, कडा फाटलेल्या आहेत, आणि घाव वरून खाली नव्हे, खालून वर गेलेला आहे. जखमेतून त्यांनी पत्र्याची गंजलेली कपची काढून ठेवली होती. आखाड्यातल्या तलवारी तेल लावून लखलखीत केलेल्या होत्या. त्यांच्यावर गंज नव्हता.

परतताना मी जप्तीतलं सामान मनात आठवत होतो. तलवारी सगळ्या होत्या. ढालींपैकी एक नव्हती, जखमीची. ती कुठे गेली असं सुभेदारांना पंचनाम्याच्या वेळी विचारलं होतं. गर्दीत कोणीतरी नेली असेल, असं ते म्हणाले होते. त्यांच्यासारख्या माणसाच्या शब्दावर शंका घ्यावी असं तेव्हा वाटलं नव्हतं.

जखमी शुद्धीवर आल्याचा निरोप आला आणि मी जबाब घ्यायला पुन्हा मिरज गाठली. खाटेशेजारी त्याचा चुलता बसला होता. मी कागद काढायच्या आतच तो पुतण्यावर वाकला. "नाव सांग त्येचं. भिऊ नगंस. आमी हाय."

मी चुलत्याला बाहेर जायला सांगणार होतो. पण जखमीच बोलला. आवाज अगदी बारीक होता.

"तात्या, जरा गप बसा. साहेब, त्याचा वार माझ्या ढालीवर बसला. ढाल खाली आली, मी तिच्यावर पडलो, आन् ढालीचीच कड आत शिरली. त्याची तलवार मला लागली सुदिक न्हाई."

चुलत्याने त्याला आठवण करून दिली, की त्या घराने आपलं पाणी अडवलंय. पुतण्या म्हणाला, "पाण्याचं पाण्याच्या जागी. हे न्हाई केलं त्यानं." मग त्याने डोळे मिटले. एवढं बोलण्यानेच तो थकला होता. त्याने नुसतं नाव घेतलं असतं तरी वैऱ्याचं घर बसलं असतं. कोणी त्याला दोष दिला नसता.

तिथून मी थेट सुभेदारांच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसले होते. मी काही विचारलं नाही, जखमीचा जबाब तेवढा सांगितला. ते उठले, गोठ्यात गेले आणि वैरणीखालून ढाल काढून आणून माझ्यासमोर ठेवली. वेताची ढाल, वरून कातडं. सरावात वेताच्या कडा उसवत म्हणून त्यांनी जुन्या पिंपाची लोखंडी पट्टी कडेला ठोकली होती. एक खिळा निघाला होता आणि पट्टीचं टोक सुरीसारखं बाहेर आलं होतं. त्यावर रक्त वाळलेलं होतं.

"ठोकली मी," ते म्हणाले. "तो पडला तवाच मला कळलं."

मी विचारलं, पोरगा कोठडीत आहे हे माहीत असून गप्प का बसलात? ते ओसरीवर टेकले. मग तुटक तुटक सांगितलं. त्यांना वाटलं होतं, की तलवार बोथट आहे, कोर्टात काही टिकणार नाही, पोरगा सुटेल. पण ढाल पुढे आली असती तर हा खेळ कायमचा बंद झाला असता. ज्या खेळासाठी त्यांनी आयुष्यातली इतकी वर्षं घातली, त्याला वाचवायला ते एका पोराला खर्ची घालत होते, आणि हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. माझ्या अंदाजाने त्या घरात त्या दिवसांत कोणाला झोप नव्हती.

आरोपीला सोडण्याचा अहवाल मी कोर्टात दिला. सुभेदारांवर निष्काळजीपणाने जबर जखम घडवल्याचा गुन्हा दाखल केला. त्यांनी बचाव केला नाही. जखमी बरा होऊन कोर्टात आला, कायमचा थोडा लंगडत. कोर्टाच्या परवानगीने त्याने तडजोडीला संमती दिली. सामने मात्र पुन्हा झाले नाहीत. मागणी झाली असती तर मी काय शिफारस केली असती, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

पण माझ्या मनात राहिला तो कोठडीतला गडी. सोडताना मी त्याला बसवून चहा दिला आणि विचारलं, तू केलं नव्हतंस, तुला कोणी मारहाण केली नाही, मग कबुली का दिलीस?

कप हातात तसाच धरून तो म्हणाला, "तो पडला तवा मला बरं वाटलं हुतं, साहेब. रगत दिसलं तरी क्षणभर बरंच वाटलं. मग मला वाटाया लागलं, मीच मारलं असणार."

मी त्याला घरी पोचवायला जीप देत होतो. त्याने ती मिरजेच्या एसटी स्टँडपर्यंत मागितली. तिथून तो दवाखान्यात गेला. दारात जखमीच्या चुलत्याने त्याला अडवलं, पण आतून जखमीने हाक मारली आणि तो आत गेला, असं सोबत पाठवलेल्या शिपायाने मला सांगितलं. दोघं काय बोलले ते त्याने ऐकलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. पडताळणीचा कागद आला तेव्हा मी त्यावर चांगला शेरा मारला.

नवीन फौजदार माझ्याकडे येत, तेव्हा मी त्यांना सांगायचो, की आरोपी कबूल झाला म्हणून लेखणी खाली ठेवू नका. कसं केलंस ते विचारा, आणि त्याचं उत्तर वस्तूंशी ताडून पाहा. खोटं बोलून सुटणारे आपल्याला ओळखता येतात, त्यासाठीच आपण शिकलेलो असतो. पण मनात आलेल्या एखाद्या वाईट विचारासाठी स्वतःला शिक्षा करून घ्यायला निघालेला माणूस समोर बसला, तर आपण त्याचे आभार मानतो आणि केस बंद करतो.