तिखट-मिठाच्या पुऱ्या

तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा वास आला की अजूनही माझं डोकं फिरतं. नव्वद-एक्क्याण्णवचा मे महिना, मी तेरा वर्षांची. पनवेलहून एस.टी.ने मुंबईला जायचं, राणीची बाग, चौपाटी, सगळं मीच वहीत लिहून ठरवलं होतं. महालक्ष्मीचं दर्शन तेवढं काकूने शेवटी घुसडलं. निघायच्या सकाळीच मला पाळी आली. "देवीला जायचंय, हिला कशी न्यायची?" काकू म्हणाली. आई मान खाली घालून डबा भरत राहिली. माझ्या वाटच्या चार पुऱ्या तिने ताटलीत घालून कोपऱ्यात माझ्याकडे सरकवल्या. संध्याकाळी सगळे परतल्यावर मी देवीचं विचारलं, तर काकू म्हणाली, "केवढी ती रांग! बाहेरूनच हात जोडले." आई आता थकलीय, म्हणून विचारत नाही, पण बाहेर तर मीही उभी राहिले असते ना?